आर१ए कुठून आला? एका पितृवंशाचा माग आणि तो काढण्याच्या तीन पद्धती

पॉप्युलेशन जेनेटिक्स हा पीएचडीचा विषय आहे असं सांगितलं, की भारतात पुढचा प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो: "मग आर१ए बाहेरून आला की इथलाच?" विचारणाऱ्याला उत्तर एका शब्दात हवं असतं, आणि कोणतं उत्तर हवं हेही बऱ्याचदा आधीच ठरलेलं असतं. या लेखात उत्तर देणार आहेच. आजच्या पुराव्यानुसार ते बऱ्यापैकी स्पष्ट आहे. पण जे नेट-सेटची किंवा पीएचडी प्रवेशाची तयारी करताहेत त्यांच्यासाठी त्याहून उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. २००१ ते २०१९ या काळात या एकाच प्रश्नाला चांगल्या जर्नलमधून परस्परविरोधी उत्तरं छापून आली. ती का आली आणि कोणत्या टप्प्यावर नेमकं काय बदललं, हे समजलं तर वंशशोधाचा कोणताही पेपर वाचताना कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

वाय गुणसूत्र आणि पोथीतल्या चुका

वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जातं, साधारण आपल्याकडच्या आडनावासारखं. बाकीची गुणसूत्रं दर पिढीत आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंची मिसळून पुढे जातात. वाय गुणसूत्राचा बहुतांश भाग मात्र कशातच मिसळत नाही, तो जसाच्या तसा उतरवला जातो. उतरवताना अधूनमधून एखादं अक्षर चुकतं. हेच उत्परिवर्तन, म्हणजे म्युटेशन. एकदा झालेली चूक त्या माणसाच्या मुलग्यांत, नातवांत, पणतवांत उतरत राहते.

हे समजायला आपल्याकडचंच एक उदाहरण घेऊ. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. १९१९ मध्ये सुरू झालेलं हे काम १९६६ मध्ये पूर्ण झालं आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं वापरली गेली. कोणती पोथी कोणत्या पोथीच्या जवळची, हे कसं ठरवतात? दोन पोथ्यांत मूळचा पाठ सारखा असेल तर त्यातून विशेष काही कळत नाही, कारण तो सगळीकडेच असू शकतो. पण एखादा नवा, बदललेला पाठ दोन्हींत असेल, तर त्या दोन्ही एकाच प्रतीवरून उतरल्या असण्याची शक्यता मोठी. वाय गुणसूत्राची वंशावळ नेमकी अशीच बांधतात. जुनं साम्य बाजूला ठेवायचं आणि नव्या बदलातलं साम्य धरायचं. एका सामायिक बदलाने ओळखला जाणारा पुरुषांचा गट म्हणजे हॅप्लोग्रुप.

ही उपमा लक्षात ठेवा, पुढे ती पुन्हा लागणार आहे.

आर१ए म्हणजे नक्की कोणती फांदी?

हॅप्लोग्रुपना इंग्रजी मुळाक्षरांची नावं आहेत. त्यातल्या 'आर' या मोठ्या फांदीच्या बुडाशी बसणारा सर्वांत जुना ज्ञात नमुना सैबेरियातला आहे. बैकाल सरोवराच्या परिसरातल्या माल्टा इथे सुमारे २४,००० वर्षांपूर्वी मरण पावलेल्या एका लहान मुलाचा तो सांगाडा. आर पासून आर१ आणि आर२ निघाले. आर२ मुख्यतः दक्षिण आशियात दिसतो. आर१ चे पुन्हा दोन भाग: पश्चिम युरोपात प्रबळ असलेला आर१बी, आणि आपला आर१ए.

आज जे पुरुष आर१ए म्हणून ओळखले जातात, त्यातले बहुतेक सगळे एम४१७ या एका उपशाखेतले आहेत. एम४१७ च्या दोन मोठ्या फांद्या आहेत, झेड२८२ आणि झेड९३. पहिली मुख्यतः युरोपात दिसते, दुसरी मध्य आणि दक्षिण आशियात. या दोघी बहिणी आहेत, आई-मुलगी नाहीत. म्हणून "भारतीय आर१ए युरोपीय आर१ए पासून निघाला" हे वाक्य चूक आहे आणि त्याच्या उलटं वाक्यही तितकंच चूक आहे.

इथे वयाबद्दल एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण मुलाखतीत इथेच गडबड होते. अंडरहिल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पेपरात आर१ए आणि आर१बी यांची फारकत सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची दिली आहे. त्याच पेपरात एम४१७ मधल्या सगळ्या पुरुषांचा शेवटचा सामायिक पूर्वज सुमारे ५,८०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे ४,८०० ते ६,८०० या पल्ल्यात, दिला आहे. मग आर१ए चं वय किती? दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. पहिला आकडा सांगतो की ही फांदी शेजारच्या फांदीपासून कधी सुटली. दुसरा सांगतो की आजची दाट पालवी कुठल्या पेऱ्यापासून फुटली. मधली जवळजवळ १९,००० वर्षं एक लांब, बहुतांश उघडा दांडा आहे. त्या काळात आर१ए चे पुरुष होतेच, पण त्यांच्यापैकी जवळपास सगळ्यांच्या सरळ पितृरेषा संपल्या. "आर१ए हिमयुगापासून भारतात आहे" असं कुणी २५,००० चा आकडा दाखवून म्हणालं, तर त्याने फांदीच्या वयाला पालवीचं वय समजलंय.

पहिली पद्धत: विविधता मोजा, उगम शोधा

२००० च्या दशकात संपूर्ण वाय गुणसूत्र वाचणं परवडत नव्हतं. संशोधक मोजक्याच खुणा तपासायचे. आर१ए साठी मुख्य खूण होती एम१७. अडचण अशी की पोलंडपासून बंगालपर्यंत सगळ्यांना या खुणेवर एकच नाव मिळायचं. झेड९३ आणि झेड२८२ हा फरक तेव्हा दिसतच नव्हता.

मग गटाच्या आतला फरक मोजायला मायक्रोसॅटेलाइट वापरायचे. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन ते सहा अक्षरांचा छोटा तुकडा एकापुढे एक अनेकदा येतो. पिढ्या उलटतात तशी ही संख्या एखाद्याने वाढते किंवा कमी होते. एखाद्या प्रदेशातल्या पुरुषांमध्ये या संख्यांत जितकी जास्त विविधता, तितका तो वंश तिथे जुना, असा तर्क होता.

२००१ मध्ये स्पेन्सर वेल्स आणि सहकाऱ्यांनी एम१७ चा प्रसार युरेशियाच्या स्टेप गवताळ प्रदेशाशी जोडला होता. पण पुढे भारतातले नमुने वाढले, तशी इथली विविधता भरपूर दिसायला लागली. २००६ मध्ये सेनगुप्ता आणि सहकाऱ्यांनी मध्य आशियातल्या पशुपालकांचा भारतीय पितृवंशांवरचा प्रभाव किरकोळ असल्याचं मांडलं. २००९ मध्ये शर्मा आणि सहकाऱ्यांच्या पेपराने तर शीर्षकातच आर१ए१ चा उगम भारतीय असल्याचं म्हटलं. हे पेपर कुणी खोटेपणाने लिहिले नव्हते. आकडे तेच सांगत होते. प्रश्न होता आकड्यांवरून निष्कर्षाकडे जाणाऱ्या पुलाचा, आणि त्या पुलाला दोन ठिकाणी तडे होते.

पहिला तडा घड्याळाचा. मायक्रोसॅटेलाइट किती वेगाने बदलतात? बाप-मुलाच्या जोड्या थेट तपासल्या तर दर साधारण पिढीला ०.००२ च्या आसपास येतो. पण २००४ मध्ये झिव्होटोव्हस्की आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळासाठी ०.०००६९ प्रति २५ वर्षं असा दर सुचवला होता आणि त्या काळातल्या अनेक पेपरांत तो वापरला गेला. दोन्हींत जवळजवळ तिप्पट फरक आहे. म्हणजे एका घड्याळाने जो वंश ५,००० वर्षांचा, तोच दुसऱ्या घड्याळाने साधारण १५,००० वर्षांचा. डेटा तोच, फक्त मेथड्समधली एक ओळ बदलली, आणि वंश ताम्रपाषाण युगातून उचलून हिमयुगात नेऊन ठेवला.

दुसरा तडा जास्त खोल आहे. विविधता जास्त म्हणजे उगम तिथेच, हे गृहीतक. आता पोथ्यांकडे परत येऊ. एखाद्या मोठ्या ग्रंथालयात काश्मीर, बंगाल, मलबार अशा सगळीकडच्या पोथ्या जमा झाल्या असतील तर पाठभेदांची सर्वाधिक विविधता तिथेच मिळेल. म्हणून ग्रंथ त्या ग्रंथालयात रचला गेला असं आपण म्हणत नाही. मोठ्या लोकसंख्येच्या, अनेक वाटांनी माणसं आलेल्या प्रदेशाचं तसंच असतं. अनेक उपशाखा वेगवेगळ्या वेळी येतात, आणि लोकसंख्या मोठी असल्यामुळे त्या टिकतातही. उगमाची जागा मात्र नंतरच्या उलथापालथीत जवळजवळ पुसली गेलेली असू शकते.

दुसरी पद्धत: पूर्ण अनुक्रम वाचा

२०१० नंतर पूर्ण वाय गुणसूत्राचा मोठा भाग वाचणं शक्य झालं, आणि घड्याळ बदललं. आता मायक्रोसॅटेलाइटऐवजी एकेका अक्षराचे बदल मोजता येऊ लागले. यांचा दर वर्षाला, दर अक्षरामागे साधारण ०.७६ × १०⁻⁹ आहे. विश्वासाने वाचता येणारा भाग एक कोटी अक्षरांचा धरला तर गणित सोपं आहे: एका पितृरेषेत सरासरी दर १३० वर्षांनी एक नवा बदल. समजा दोन पुरुषांच्या रेषांत, फाटा फुटल्यापासून, प्रत्येकी ४० नवे बदल आहेत. ४० गुणिले १३० म्हणजे त्यांचा सामायिक पूर्वज साधारण ५,२०० वर्षांपूर्वीचा. चुकीचा पल्ला अजूनही असतो, पण तिप्पट फरक पडण्याची भानगड संपली.

२०१४ च्या अंडरहिल यांच्या पेपरात युरेशियातल्या १२६ हून अधिक लोकसमूहांतले १६,२४४ पुरुष तपासले होते. त्यातले युरोपीय एम४१७ पुरुष ९६ टक्क्यांहून जास्त झेड२८२ मध्ये निघाले. मध्य आणि दक्षिण आशियातल्या ४९० पैकी ९८.४ टक्के झेड९३ मध्ये. एम१७ च्या एका नावाखाली जे सरमिसळ वाटत होतं, ते असं स्वच्छ वेगळं झालं.

आता याच पेपरातली एक गोष्ट बारकाईने बघा. ५,८०० वर्षांचा आकडा आला तो आर१ए च्या आठ आणि आर१बी च्या पाच, अशा फक्त १३ पूर्ण अनुक्रमांवरून. १६,२४४ हा नमुना वाटणी दाखवायला होता, वय काढायला नव्हता. पेपर वाचताना सारांशातला मोठा आकडा कोणत्या निष्कर्षासाठी वापरलाय हे नेहमी तपासा. शिवाय याच पेपराने सुरुवातीचं शाखाविभाजन आजच्या इराणच्या आसपास झालं असावं असं सुचवलं होतं. ती जागा आजच्या जिवंत माणसांच्या नकाशावरून काढली होती. वय सुधारलं, पण जागा शोधायची रीत जुनीच राहिली.

२०१६ मध्ये पोझनिक आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या १,२४४ वाय गुणसूत्रांचे अनुक्रम तपासले. दक्षिण आशियात झेड९३ च्या आत ४,००० ते ४,५०० वर्षांपूर्वी शाखांचा एकदम फुटवा झालेला दिसला. झाडाला हळूहळू फांद्या फुटाव्यात तसं हे नव्हतं. काही थोड्या पुरुषांच्या पितृरेषा काही पिढ्यांतच भराभर वाढल्या होत्या.

तिसरी पद्धत: जुन्या हाडांनाच विचारा

आजच्या माणसांवरून भूतकाळातली जागा ओळखणं म्हणजे शेवटी अंदाजच. प्राचीन डीएनएमुळे तो थेट तपासता आला: अमुक काळी अमुक ठिकाणी पुरलेल्या माणसाचा वाय कोणता होता?

जर्मनीतल्या ऑयलाऊ इथे सुमारे ४,६०० वर्षांपूर्वीच्या एका कबरीत एक पुरुष, एक स्त्री आणि दोन मुलगे एकत्र पुरलेले सापडले. बाप आणि दोन्ही मुलगे आर१ए चे, हे २००८ मध्येच प्रसिद्ध झालं. ही माणसं भांड्यांवर दोरीचे ठसे उमटवणाऱ्या कॉर्डेड वेअर संस्कृतीची. २०१५ मधल्या मोठ्या अभ्यासांतून दिसलं की त्या संस्कृतीत आर१ए वारंवार येतो, तर स्टेपवरच्या त्याआधीच्या यामनाया पुरुषांत मात्र मुख्यतः आर१बी आढळतो. म्हणजे "स्टेप म्हणजे आर१ए" हे समीकरणही सरधोपट आहे.

आपल्या फांदीचा, झेड९३ चा, माग उरल पर्वताच्या दक्षिणेकडे लागतो. इ.स.पू. २१०० ते १८०० च्या सुमारास तिथे सिंताश्ता संस्कृती होती. तटबंदीच्या वस्त्या, धातुकाम आणि रथांचे सर्वांत जुने अवशेष यांसाठी ती ओळखली जाते. तिथल्या दफनांतल्या पुरुषांमध्ये झेड९३ मोठ्या प्रमाणात आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये दोन पेपर एकाच वेळी आले. नरसिंहन आणि सहकाऱ्यांच्या पेपरात मध्य आशिया आणि उत्तरेकडच्या दक्षिण आशियातल्या ५२३ प्राचीन व्यक्तींचा डीएनए होता. त्यानुसार स्टेपकडचा वंशांश दक्षिण आशियात इ.स.पू. २००० ते १५०० च्या दरम्यान पोचला आणि तो सिंताश्तासारख्या लोकांशी जुळतो. आजच्या दक्षिण आशियाई समूहांत तो सुमारे ३० टक्क्यांपर्यंत आढळतो. दुसऱ्या पेपराचे पहिले लेखक पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे. हरियाणातल्या राखीगढीच्या दफनभूमीतले ६१ नमुने तपासून एकाच व्यक्तीचा वापरण्याजोगा जनुकीय डेटा मिळाला, आणि त्यात स्टेपचा अंश नव्हता.

हे सगळं एकत्र ठेवलं तर आजचं उत्तर असं: एम४१७ ची पालवी भारताबाहेर फुटली, आणि तिची झेड९३ फांदी कांस्ययुगात मध्य आशियामार्गे दक्षिण आशियात आली. आल्यावर मात्र ती इथेच वाढली. आज भारतात दिसणाऱ्या झेड९३ च्या कितीतरी उपशाखा इथल्या मातीतच फुटलेल्या आहेत.

उत्तर मिळालं, पण त्याचा अर्थ काय नाही?

राखीगढीची ती व्यक्ती स्त्री होती. म्हणजे तिच्याकडे वाय गुणसूत्रच नव्हतं. "राखीगढीत आर१ए सापडला नाही" हे वाक्य शब्दशः खरं आहे आणि पुरावा म्हणून निरर्थक आहे. तिच्या डीएनएतून स्टेपच्या एकूण वंशांशाबद्दल बोलता येतं, पितृवंशाबद्दल थेट काहीच नाही.

नरसिंहन यांच्या पेपरातही एक खडा आहे. आजच्या पाकिस्तानातल्या स्वात खोऱ्यातल्या प्राचीन लोकांत स्टेपचा अंश सुमारे २० टक्के होता, पण ४४ पुरुषांपैकी झेड९३ फक्त दोघांत सापडला. म्हणजे तिथे हा अंश मुख्यतः स्त्रियांकडून आला. आजच्या दक्षिण आशियातलं चित्र उलटं आहे, इथे पितृवंशात स्टेपचा ठसा जास्त ठळक दिसतो. तेव्हा घोड्यावरून आलेल्या पुरुषांची एकच एक लाट, ही सोपी कथा स्वातला लागू पडत नाही.

आता प्रसाराबद्दल. एखाद्या गटात आर१ए चं प्रमाण जास्त आहे म्हणजे तिथे जास्त माणसं बाहेरून आली असं होत नाही. लहान गटात एखाद्या पूर्वजाला चार जास्त मुलगे झाले, त्यांच्याकडे जमीन किंवा मान राहिला, गट आपसातच लग्नं करत राहिला, तर काही शतकांत एकच रेषा प्रबळ होते. प्रमाण हे बरंचसं नंतरच्या समाजरचनेचं आणि योगायोगाचं फळ असतं. आर१ए तेलुगू प्रदेशातल्या चेंचू या आदिवासी समाजातही आढळला आहे. तुर्की कुळातली भाषा बोलणाऱ्या किरगीझ लोकांतही तो भरपूर आहे. त्यामुळे वाय गुणसूत्रावरून भाषा, जात किंवा धर्म वाचता येत नाही.

आणि शेवटी साधी बेरीज. दहा पिढ्या मागे गेलं तर वंशवृक्षात १,०२४ जागा असतात. वीस पिढ्या मागे, १० लाखांहून जास्त. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच जागेवरून आलेलं असतं. चाचणीच्या अहवालावर 'आर१ए' छापून आलं म्हणून बाकीच्या लाखो पूर्वजांबद्दल काही कळत नाही, त्यात आपल्या सगळ्या आज्या-पणज्याही आल्या.

पेपर हातात घेतल्यावर विचारायचे चार प्रश्न

१. खूण कोणत्या पातळीची आहे? एम१७ वर थांबलेला निष्कर्ष झेड९३ बद्दल काही सांगू शकत नाही.

२. घड्याळ कोणतं? मायक्रोसॅटेलाइट की पूर्ण अनुक्रम, दर कुठला, आणि वय फारकतीचं की सामायिक पूर्वजाचं?

३. जागा कशावरून ठरवली? आजच्या लोकांवरून असेल तर तो अंदाज आहे. प्राचीन नमुन्यांवरून असेल तर किती, कुठले आणि त्यात पुरुष किती, ते बघा.

४. निष्कर्ष वंशरेषेबद्दल आहे की लोकांबद्दल? चर्चेच्या भागात 'आर१ए' या शब्दाच्या जागी नकळत 'आर्य' किंवा 'ब्राह्मण' येतो का? येत असेल तर पुरावा जिथे संपला ती ओळ पेन्सिलने अधोरेखित करा.

संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांसाठी एक दिशाही सांगतो. मध्य आशिया आणि स्वातच्या तुलनेत गंगेच्या खोऱ्यातून आणि दख्खनमधून मिळालेला प्राचीन डीएनए फारच तोकडा आहे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० मधली ती ताम्रपाषाणयुगीन वस्ती, घरांच्या जमिनीखाली दफनं असलेली. प्रश्नाचा काळ नेमका हाच. पण सांगाडे मिळणं वेगळं आणि त्यातून डीएनए मिळणं वेगळं. उष्ण हवामानात डीएनए झपाट्याने तुटतो, राखीगढीच्या ६१ नमुन्यांतून एकच हाती लागला तो त्यामुळेच. कानामागच्या हाडाचा घट्ट भाग, कमी अंशातला डीएनए वेचण्याच्या पद्धती, नमुन्यात आजच्या माणसाचा डीएनए मिसळू न देण्याची काळजी, या गोष्टी ज्यांना शिकायच्यात त्यांच्यासाठी इथे काम खूप शिल्लक आहे. सुरुवात म्हणून २००९ चा एक आणि २०१९ चा एक असे दोन पेपर शेजारी ठेवा, दोन्हींचा मेथड्सचा भाग आधी वाचा, आणि निष्कर्षाचं पान उघडण्यापूर्वी वरचे चार प्रश्न वहीत लिहून काढा.